चिंचपोकळीतले चार दिवस

प्राचीने मोबाइलवर पहिल्यांदा दाखवली ती वाशीची खोली. पांढरीशुभ्र चादर, भिंतीवर टीव्ही, वर जायला लिफ्ट. तिच्या नवऱ्याने, राजेशने शोधून दिली होती. कोल्हापूरहून कामासाठी मुंबईला गेला की तो तिथेच उतरायचा.

"स्वस्त आहे, स्वच्छ आहे आणि आईला जिना चढायला नको," प्राची म्हणाली.

तिच्या वडिलांनी, कुशाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला. "थयसून काळाचौकी खंय रवली?"

"टॅक्सी करून जाऊ ना एक दिवस. बघून येऊ."

"बघूक नाय जावचा," कुशाबा म्हणाले. "रवाक जावचा."

कणकवलीजवळच्या त्यांच्या घराच्या पडवीत दोघे बसले होते. समोरच्या पायरीवर प्राचीची आई, रमाबाई होत्या, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. पिशवीत दोन पातळं आणि एक टॉवेल. गेलं वर्षभर दुपार कलली की त्या अशा तयार होऊन बसायच्या. "चला, घराक जावया," म्हणायच्या. हेच आपलं घर, असं कुणी समजावलं की मान हलवून म्हणायच्या, "ह्यां तुमचा घर. बरा आसा. पण माका माझ्या घराक जावक होया."

ते घर कुठलं, हे फक्त कुशाबांना कळत होतं. लग्न होऊन रमाबाई आल्या ती काळाचौकीच्या चाळीतली खोली. प्राची तिथेच जन्मली, तिथेच दहावी झाली. गिरणी बंद पडल्यावरही कुशाबा वॉचमनची नोकरी धरून तिथेच राहिले. मग चाळ पाडायची ठरली तेव्हा पैसे घेऊन गावी आले. रमाबाईंनी तेव्हा एक शब्द काढला नव्हता. आता सगळं विसरल्यावर तेवढीच एक खोली त्यांच्या डोक्यात उरली होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं की अशा पेशंटला नव्या जागी नेऊ नका, जास्त गोंधळतात.

"नवी खंय ती?" कुशाबा म्हणाले. "जुनीच जागा."

पुढचे चार-पाच दिवस प्राची मोबाइलवर खोल्याच शोधत होती. गिरगावात एका वाडीत लाकडी माडीवरची खोली होती. तिला स्वतःला ती फार आवडली, चौपाटी चालत जाण्यासारखी. पण जिना खडा, आणि त्या दरात दोनच दिवस झाले असते. दादरला स्टेशनजवळ लॉज होतं. खाणंपिणं, टॅक्सी, सगळं हाताशी, बजेटमध्येही बसत होतं. पण खिडकी डक्टमध्ये उघडायची, आणि खाली पहाटेपासून फुलबाजाराची झुंबड. आई बिथरली तर काय करायचं? परळच्या धर्मशाळा स्वस्त होत्या, मात्र इस्पितळाचा कागद असल्याशिवाय आत घेत नव्हते. लालबागला जी हॉटेलं दिसली त्यांचे दर तिने वडिलांना सांगितलेसुद्धा नाहीत.

"बाबा, लोक आजूबाजूला बघायला काय आहे ते पाहून जागा ठरवतात. तुम्ही एकच धरून बसलाय."

"माका गॅलरी होयी," कुशाबा म्हणाले. "आणि खोलयेत मोरी."

शेवटी तिच्या मैत्रिणीने, आकांक्षाने एक नंबर दिला. सासऱ्यांचे उपचार चालू असताना ती चिंचपोकळीला एका चाळीत राहिली होती. ग्रेसीबाई म्हणून एक विधवा बाई, मुलगा दुबईला. शेजारशेजारच्या दोन खोल्यांपैकी एक त्या आल्यागेल्याला देत.

"पेशंट कोण हाय?" ग्रेसीबाईंनी फोनवर पहिलं तेच विचारलं.

"पेशंट नाही. आईबाबांना मुंबई फिरवायची आहे."

"फिरायला चिंचपोकळीला?" ग्रेसीबाई म्हणाल्या. "बरं. आधीच सांगते, संडास कॉमन हाय, गॅलरीच्या टोकाला. नंतर तोंड वाकडं करायचं नाय. मोरी खोलीत हाय."

कुशाबा फोनला कान लावून होते. "ह्याच घे," ते म्हणाले.

जानेवारीतल्या एका सकाळी तिघं दादरला उतरली आणि टॅक्सी केली. रमाबाई प्राचीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. लालबागला मिरच्या कांडणाऱ्या दुकानांवरून टॅक्सी गेली तसा तिखट वास आत आला. ड्रायव्हर शिंकला. रमाबाईंनी हात सोडला आणि काचेला नाक लावलं.

"मसालो करूक टाकूचो आसा," त्या म्हणाल्या. "सांगलेलंय मी ह्यांका."

खोली पहिल्या मजल्यावर, जिना रुंद. ग्रेसीबाई वर दारातच उभ्या होत्या, ठेंगण्या, झग्यावर एप्रन बांधलेला. खोली एवढीशी. एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, ओट्याखाली पितळी पिंप. रमाबाई उंबऱ्यात थांबल्या. मग त्यांनी चपला भिंतीशी नीट लावल्या, पदर खोचला आणि कुणाला काही न विचारता मोरीत जाऊन पाय धुतले. ओट्यावरचं फडकं पिळून दोरीवर घातलं. पिशवीतली पातळं काढून फळीवर ठेवली.

"बसा," त्या कुशाबांना म्हणाल्या. "च्या ठेवतंय."

प्राची गॅलरीत जाऊन रडली. कुशाबा खाटेवर बसून राहिले. त्यांना हसू येत होतं आणि ते कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

त्या दिवशी दुपार कलली, संध्याकाळ झाली, तरी रमाबाईंनी घरी जायचं नाव काढलं नाही. गॅलरीत ग्रेसीबाईंबरोबर मेथी निवडत बसल्या. ग्रेसीबाईंना त्या लक्ष्मी म्हणू लागल्या. काळाचौकीला शेजारच्या खोलीत लक्ष्मी राहायची, जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"मी ग्रेसी," ग्रेसीबाईंनी एकदा सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा त्यांनी "काय गो?" म्हटलं, आणि मग तसंच चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राची आणि कुशाबा रमाबाईंना गिरगाव चौपाटीवर घेऊन गेले. त्या पाणी बघायला तयार नव्हत्या. "बंब पेटवूचो आसा, चला," म्हणाल्या. टॅक्सीतून चाळ दिसली तशी आपणहून उतरल्या, पुढे होऊन जिना चढल्या, आपल्या दारासमोर थांबल्या. आईला पुन्हा कशाचीतरी वाट माहीत आहे, हे प्राचीने दीड-दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तिने राजेशला फोन केला. "बाबांचं बरोबर होतं," ती म्हणाली. "वाशी घेतली असती तर फुकट गेलं असतं सगळं."

दुपारी रमाबाई झोपल्या तेव्हा कुशाबा एकटेच चालत काळाचौकीला गेले. त्यांच्या चाळीच्या जागी उंच इमारत होती, खाली गाड्यांचे मजले, पुढे फाटक. ते समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. आपली खोली नेमकी कुठे होती ते हवेत शोधायचा त्यांनी प्रयत्न केला. पहिल्या मजल्याच्या उंचीवर आता गाड्यांची काळोखी जागा होती. तिथे गिरणी सुटल्यावर त्यांनी पाय धुतले होते, तिथे प्राचीचा पाळणा होता. फाटकावरच्या वॉचमनने "कोणाकडे जायचंय काका?" विचारलं तेव्हा ते "कोणाकडे नाय" म्हणाले आणि वळले. फार वाईट वाटलं नाही त्यांना. खोली सापडली होती, चिंचपोकळीला का होईना. येताना त्यांनी बटाटेवडे बांधून घेतले.

दार लोटलेलं होतं. ते आत शिरले. रमाबाई आरशासमोर उभ्या राहून केस विंचरत होत्या. वळल्या, आणि चटकन मागे सरून भिंतीला टेकल्या.

"कोण ओ तुमी?"

कुशाबांना वाटलं, उजेडामुळे. "मी गो, रमा."

नाव ऐकून त्या अधिकच घाबरल्या. डोक्यावर पदर ओढला. "भायर व्हा. असे कसे आत इलात? आमचे हे गिरणीची पाळी सुटान येतले आता. लक्ष्मी, ए लक्ष्मी."

ग्रेसीबाई धावत आल्या, मागून प्राची. "आई, बाबा आहेत," प्राची म्हणाली. रमाबाईंनी तिच्याकडेही अनोळखी नजरेने पाहिलं. कुशाबा दाराबाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. हातात वड्यांची पुडी तशीच होती, तेल कागदातून बाहेर येत होतं.

रमाबाई दारापर्यंत आल्या. त्यांनी या म्हाताऱ्याला नीट पाहिलं. पांढरी दाढी, थरथरते हात. भीती जरा ओसरली, पण तिच्या जागी दुसरी आली.

"तुमी गिरणीतले काय?" त्यांचा आवाज खाली गेला. "तेंका कायतरी झाला? खरा सांगा. मशीनीच्या साच्यात हात गेलो?"

कुशाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. हा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते गिरणीत असताना ती असा चेहरा करून दारात उभी राहत असेल, हे त्यांना कळायचं कसं?

"नाय नाय," ते म्हणाले. "बरे आसत. काम वाढला हा. उशीर होतलो, म्हणान निरोप सांगूक धाडल्यानी माका."

रमाबाईंनी श्वास सोडला. "असा होय. मगे दारात उभे रवू नकात. बसा हय." त्यांनी गॅलरीत स्टूल आणून ठेवलं, आणि त्यावर बसलेल्या परक्या माणसाला कपबशीतून चहा दिला. स्वतः उंबऱ्याच्या आत, खाली बसल्या.

वड्यांची पुडी कुशाबांनी पुढे केली. "तेंनीच दिल्यानी."

त्या लाजल्या. खरंच लाजल्या. "पगार झाल्यार हाडतत. आये गावसून इलेली आसली तर तिच्यापासून लपवन. आये आमची खाष्ट, म्हणता सुनेचे लाड नको." एक वडा हातात धरून त्या बोलत राहिल्या. "बोलणत नाय फारसे. पण मनात आसता तेंच्या. माका सुरवातीक रडू येय, गावची याद येय. एकदा माका काय एक विचारल्यानी नाय, नि सगळी रात गॅलरीत माझ्यावांगडा बसले. सकाळी तशेच कामार गेले. मी कोणाक सांगूक नाय ह्यां."

ती रात्र कुशाबांना आठवत नव्हती. खूप शोधली, सापडली नाही. आपण असं कधी केलं असेल यावर त्यांचा विश्वासही बसत नव्हता. संसाराच्या इतक्या वर्षांत रमाबाईंनी त्यांच्याबद्दल त्यांना चांगलं म्हणून काही सांगितलं नव्हतं. आज सांगत होत्या, तेही दुसऱ्याला.

"तेंका सांगा," त्या म्हणाल्या, "लवकर येवा म्हणान. माका एकटीक गमणा नाय."

"सांगतंय," कुशाबा म्हणाले, आणि कप खाली ठेवला.

त्या दिवसापासून ते ग्रेसीबाईंच्या खोलीत झोपले, आणि ग्रेसीबाई इकडे प्राची-रमाबाईंजवळ. प्राची म्हणाली, आपण उद्याच निघू, घरी गेल्यावर आई परत ओळखेल. ग्रेसीबाईही म्हणाल्या, "पैशांचं टेन्शन घेऊ नका, राहिलेले परत देते." कुशाबांनी नकार दिला.

"चार दिवस घेतलेत ना, चार दिवस रवांदे तिका. तिच्या घरात आसा ती."

"आणि तुम्ही?"

कुशाबांनी आपली उशी उचलली आणि ते ग्रेसीबाईंच्या खोलीकडे गेले.

उरलेले दोन दिवस ते दुपारी गॅलरीत येऊन निरोप सांगत. आज ओव्हरटाइम आसा. आज युनियनची मीटिंग आसा. रमाबाई चहा देत, तक्रार करत, नवऱ्याच्या गोष्टी सांगत. कुशाबा ऐकत. आत, खाटेवर, त्यांना एकदाही बसायला सांगितलं नाही.

निघायच्या सकाळी रमाबाई हलेनात. हे नसताना घर सोडून कुठे जाऊ, म्हणाल्या. प्राचीने विनवलं, ग्रेसीबाईंनी विनवलं. टॅक्सी खाली येऊन थांबली होती. शेवटी कुशाबा दारात आले, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले.

"वयनी," त्यांनी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणत होते. "ते गावाक गेले रातच्या गाडयेन. तेंच्या आयेक बरा नाय. तुमका घेवन येवक सांगल्यानी माका."

"तेंनी सांगल्यानी?"

"होय."

रमाबाईंनी लगेच पातळं पिशवीत भरली. लक्ष्मीला खोलीची चावी दिली, पाणी भरून ठेवायला सांगितलं. ग्रेसीबाईंनी चावी घेतली आणि तोंड फिरवलं. टॅक्सीत रमाबाई प्राचीच्या पलीकडे, अंग चोरून बसल्या. परका माणूस पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता.

गावी आल्यावर त्या पुन्हा पायरीवर बसू लागल्या, पण घरी जायचं म्हणत नाहीत. रस्त्याकडे बघत राहतात. कुशाबांना त्या आता भावजी म्हणतात. त्यांना आधी वाढतात, भात हवा का विचारतात, आणि ते जेवत असताना डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. प्राची दर रविवारी फोन करते. वाशीला उतरलो असतो तर आईने तुम्हाला ओळखणं सोडलं नसतं, असं ती एकदा रडत म्हणाली. कुशाबा तिला म्हणाले की तसं नाही, ते कधीतरी होणारच होतं. पण फोन ठेवल्यावर ते बराच वेळ विहिरीवर जाऊन बसले.

संध्याकाळी रमाबाई विचारतात, "काय निरोप?"

कुशाबा पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसतात, मधे अंतर ठेवून, आणि त्या दिवशीचं काहीतरी कारण सांगतात.