कंबर शाबूत

“विचारलं तर नाही म्हण. दूध म्हणजे काही जेवण नव्हे.”

सासूबाईंनी थोरलीला बजावलेले हे शब्द धाकट्या सुनेच्या कानात अजून तसेच आहेत. त्या सकाळी घरच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत नेहमीसारखी वाफ कोंडली होती. हॉटेलच्या ओल्या चादरी शिशासारख्या जड. एक टोक थोरलीने धरलेलं, दुसरं धाकटीने, आणि पीळ घालणं चाललेलं. थोरलीचे दिवस भरले होते. मूल आडवं, म्हणून दुपारी सिझेरियन ठरलेलं. तरी सकाळची खेप तिच्याच वाट्याला. पोट पुढे आलं म्हणून हात आखूड होतात थोडेच!

सासूबाईंनी दुधाचा पेला पुढे केला.

“आई, काही घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय.”

“सांगायला त्यांचं काय जातंय! उपाशीपोटी कोणी बाळंत होतं का? घे गुपचूप.”

स्वतःच्या उपासाला पाण्याचा घोटही वर्ज्य मानणारी ही बाई. असला उपास देवापर्यंत पोचत नाही, फार तर शेजारणींपर्यंत पोचतो.

दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, “कंबरेत सुई देऊ. खालचं अंग बधिर होईल, तू जागी राहशील. गरोदर बाईला पूर्ण झोपवणं जोखमीचं असतं. गळा आतून सुजलेला असतो, श्वासाची नळी घालताना अडतं. पोटातलं वर येऊन छातीत उतरू शकतं.”

“कंबरेत नको!” सासूबाई कडाडल्या. “आमचं ओझ्याचं काम. त्या सुईने कंबर जन्माची जाते. आमच्या पलीकडची शिंपीण अजून कण्हत उठते.”

“ती दिवसभर मशीनवर वाकून कण्हत असेल, आजी. सुईची जागा दुखली तर चार दिवस दुखेल.”

“तुम्हाला काय, वाकायचं आम्हाला असतं!”

सासूबाई स्वतः शेवटच्या कधी वाकल्या होत्या, हे घरात कोणालाच आठवत नव्हतं.

“तुझं काय म्हणणं?” डॉक्टरीणबाईंनी थोरलीलाच विचारलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचं गुटगुटीत बाळाचं चित्र न्याहाळत होता. त्याला मत नव्हतं असं नाही, पण ते त्याने लग्नाआधीच आईकडे सांभाळायला दिलं होतं.

“आई म्हणतात तसं.”

“सकाळपासून काही खाल्लंस, प्यायलीस? घेतलं असेल तर थांबू. घाई नाही.”

सासूबाईंच्या बांगड्या किणकिणल्या.

“नाही,” थोरली म्हणाली.

धाकटी पुढे झाली. “ताईंनी सकाळी...”

“तू घरी जा! चादरी वाळत घालायच्या राहिल्यात.”

थोरलीने धाकटीचा हात घट्ट धरला. धाकटीलाही पाचवा महिना होता. “मला नाही जमलं गं. तुझ्या वेळी उत्तर तू दे. देशील ना?”

“देईन, ताई. वचन.”

आणि ती घरी गेली. चादरी वाळत घातल्या.

नळी घालताना दूध वर आलं, छातीत उतरलं. मूल रडलं, ते आईने ऐकलं नाही. काही दिवस यंत्र तिच्यासाठी श्वास घेत राहिलं, मग तेही बंद करावं लागलं. कंबर मात्र शाबूत होती.

भेटायला येणाऱ्यांना सासूबाई डोळे टिपत सांगत, “भूल जास्त दिली हो त्या बाईने! सोन्यासारखी सून गेली.” येणारे माना डोलावत. आत काय घडलं, हे एकानेही विचारलं नाही. डॉक्टरला नावं ठेवणं सोपं, घराला कोण ठेवणार? चिमुरडं अजून रांगत नव्हतं, तोच थोरल्यासाठी मुलगी पाहणं सुरू झालं. अट एकच, कामाला दणकट हवी.

धाकटीचे दिवस भरत आले.

“दुसऱ्या दवाखान्यात नाव घातलंय,” सासूबाईंनी फर्मावलं. “सिझेरियन करावं लागलं तरी कंबरेत सुई नाही, सांगून ठेवते. तिथे मी बोलेन. तू गप्प बसायचं.”

धाकटीने पिळत असलेल्या चादरीचं टोक बादलीत सोडलं. बाहेर कोणीतरी आलं, आणि सासूबाई पुन्हा त्या जास्त दिलेल्या भुलीची कहाणी रंगवू लागल्या.

तिने हात पुसले, चपला पायात सरकवल्या आणि मागच्या दाराने हळूहळू, पोट सांभाळत, त्याच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची वाट धरली.