मुशीच्या तेलाचा थर

मित्रांनो, माझा खरा रंग निळा आहे, सकाळच्या खाडीसारखा फिका निळा. हे आधीच सांगून टाकते, कारण मधली काही वर्षं तुम्ही मला पाहिलं असतंत तर ओळखलं नसतंत.

मी एक जुनी फियाट गाडी. कुर्ल्याच्या कारखान्यात माझा पत्रा ठोकला गेला आणि तिथंच मला हा रंग चढला. पुढं वर्सोव्याच्या कोळीवाड्यात रामनाथनं मला आणलं, तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती. बायकांनी मला हळदकुंकू लावलं, नाकावर फुलांची माळ चढवली. रामनाथची बायको सगुणा दारात उभी राहून नुसती हसत होती. नव्या होडीला ओवाळतात तसं तिनं मला ओवाळलं.

ते दिवस धावपळीचे होते. मढच्या बंगल्यांवर सिनेमावाल्यांचं शूटिंग चाले आणि त्यांना नेण्या-आणण्याचं भाडं रामनाथला मिळे. रोज सकाळी तो मला पुसायचा. एकदा एका नटीनं माझ्या आरशात बघून टिकली सारखी केली, तर पुढचा महिनाभर रामनाथ ती गोष्ट सांगत होता.

मग शूटिंगवाल्यांनी स्वतःच्या गाड्या आणल्या आणि आमची भाडी आटली. रामनाथनं मालवाहू जहाजावर काम धरलं. निघताना मला झावळ्यांच्या आडोशाला उभी करून तो सगुणाला म्हणाला, "हिला जप. खारा वारा पत्रा खातो."

एवढंच म्हणाला. कसं जपायचं ते सांगायचं राहून गेलं.

मित्रांनो, सगुणा होडीच्या घरची लेक. खाऱ्या वाऱ्यापासून लाकूड कसं जपतात ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. होडीच्या फळ्यांना मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजतात, मग मीठ आत शिरत नाही. तिनं तेच केलं. डबाभर तेल आणलं, चिंधी बुडवली आणि मला डोक्यापासून चाकापर्यंत चोपडून काढलं. चोळता चोळता ती स्वतःशीच म्हणायची,

धनी गेला दर्यावरी, पाठी ठेविली निशाणी
निळ्या गाडीच्या अंगाला रोज लावी तेलपाणी

लाकूड तेल पितं हो, पण पत्रा पीत नाही. ते तेल माझ्या अंगावरच बसलं, चिकट झालं आणि वाळून कडक झालं. त्यावर वाळूचे कण आले, शेजारच्या नव्या इमारतीचं सिमेंट आलं, माशांचे खवले आले. सगुणाला वाटलं, मीठच चढतंय. तिनं आणखी तेल लावलं. गल्लीतल्या साऱ्या मांजरांना मात्र मी फार आवडू लागले. टपावर बसून ती मला चाटत. माझ्याकडं येणारं जाणारं तेवढंच. होळीला माझ्यापुढून नाचत जाणारे लोक नाक दाबून गेले. माझे दिवे गढूळ झाले. पावलं कळायची, माणसं दिसायची नाहीत.

सगुणाही तशीच एकटी होती. बाजारातून मासळीची पाटी रिकामी करून यायची, दोन घास रांधायची आणि उरलेली संध्याकाळ माझ्यापाशी बसायची. तिची जाऊ मथुरा टोमणा मारायची, "नवरा दर्यावर आन ही बाय गाडीला न्हाऊ घालते. उद्या पाळण्यात घालशील गं तिला." सगुणा हसायची. मथुरा गेली की हसू पुसून टाकायची.

चार वर्षं अशीच गेली. आषाढात रामनाथच्या जहाजावरचा एक जण निरोप घेऊन आला. रामनाथ नारळी पौर्णिमेला घरी येतोय. येऊन बघतो आणि मग ठरवतो, घरी राहायचं की पुन्हा जहाज धरायचं.

त्या दिवशी सगुणानं पहिल्यांदा माझ्याकडं परक्या नजरेनं पाहिलं. बोनेटवरून हात फिरवला, तर तळवा खरवडला. रामनाथचा जीव माझ्यात, हे तिला माहीत होतं. मी धड असले तर तो पुन्हा भाडी मारील, घरी राहील. मी अशी दिसले तर कशासाठी थांबेल, असं तिनं मथुराला विचारलं. मथुरानं लगेच अंधेरीच्या गॅरेजातल्या लवूला बोलावणं धाडलं.

लवू मालवणकडचा, गाड्या रंगवणारा. माझा वास घेऊनच तो दोन पावलं मागं सरला. "वैनी, ही गाडी आसा की कढई? माशे तळलास काय हिच्यात?"

तो म्हणाला, सगळं खरवडून नवा रंग मारू. सगुणा नको म्हणाली. नवा रंग बघून रामनाथला कळलंच असतं की जुन्याचं काहीतरी झालं. तेव्हा लवूनं डोकं खाजवलं आणि दुसरी वाट सांगितली. ती लांबची होती.

आधी साबणाचं पाणी. मग रॉकेलमध्ये भिजवलेलं मऊ फडकं हातभर जागेवर ठेवून द्यायचं, थर मऊ पडला की अलगद पुसायचं आणि पुन्हा साबण. घासायचं मुळीच नाही. असं एक एक वीत करत सगुणा सरकत गेली. तेल निघालं, तरी सिमेंटचे बारीक कण रंगात रुतून राहिले. ते डोळ्यांना दिसत नव्हते, तळव्याला मात्र टोचत होते.

लवूचा भाऊ गणपती घडवायचा. त्याच्याकडून लवूनं वस्त्रगाळ शाडूचा एक गोळा आणून दिला. पत्रा साबणाच्या पाण्यानं ओला ठेवायचा आणि तो मऊ गोळा हलक्या हातानं वरून सरकवायचा. कण मातीत शिरतात. माती काळी झाली की गोळा मळून स्वच्छ बाजू वर काढायची. जमिनीवर पडला, तर तो तुकडा टाकून द्यायचा, नाहीतर वाळूचे ओरखडे उठतात.

श्रावणातल्या ऊनपावसात सगुणा माझ्याजवळ बसून राहिली. सुरुवातीला गोळा करकर आवाज करी. हळूहळू आवाज विरला आणि माती पाण्यावरून होडीसारखी निसटू लागली. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. शेवटी मेणाचं पॉलिश चढलं. तिनं वाकून माझ्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि पटकन पदरानं पिकू लागलेले केस झाकले. रॉकेलनं तिचे तळवे फुटले होते, नखं काळी पडली होती.

रामनाथ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आला. माझ्याभोवती फेरी मारली, टपावर थाप मारली आणि लहान मुलासारखा हसला. सगुणाला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दर्याला नारळ वाहून दोघं परतली. घरात पाहुणे होते, म्हणून माझं दार उघडून माझ्यातच बसली. रामनाथनं स्टिअरिंगवर हात ठेवला.

"सकाळी नाक्यावरून फोन केला कंपनीला. होकार कळवला," तो म्हणाला. "गणपती झाले का निघायचं. मन होत नव्हतं. पन काल गाडी बघितली न् घोर मिटला. मी नसलो तरी तू सगलं कसं जिथल्या तिथं ठेवलंस."

सगुणानं दोन्ही तळवे त्याच्यापुढं उघडे केले.

"जिथल्या तिथं काय बी नव्हतं," ती म्हणाली. "गाडीची पार वाट लागली व्हती. मी तेल लावीत गेले, ती बिघडत गेली. तुमी येनार म्हनून सगलं पुसलं. मना वाटलं, ती चमकली तर तुमी ऱ्हाल."

रामनाथ त्या तळव्यांकडं बघत राहिला. त्यानं विचारलं, "मग काल का नाय बोललीस?"

"काल तुमी लय खूश व्हता."

दिलेला शब्द त्याच्यानं मोडवला नाही. गणपती झाले आणि तो गेला. जाताना बोनेटवर हात ठेवून थांबला, पण माझ्याकडं नाही, तिच्याकडं बघत होता. पुढच्या खेपेला जहाज सोडतो म्हणाला. ती खेप अजून यायची आहे.

सगुणा आता मला तेल लावत नाही. संध्याकाळी येते, गोड्या पाण्यानं धुते, पुसते आणि बसते. मी स्वच्छ आहे. मला काही दुखत नाही. तिचं मात्र मला सांगता येत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची निगा राखा, ज्याला जे सोसतं तेच त्याला लावा. आणि एक मागणं आहे. तुमच्या घरचं कुणी फार दिवसांनी परत येणार असेल, तर घाईघाईनं सगळं पुसून ठेवू नका. थोडी धूळ त्यांनाही दिसू द्या.