लख्ख

आत्या बालदीपुढे बसून एक खापर घासणीने खसाखसा घासत होती, तेव्हा ठकी दार ढकलून आत आली. गॅलरीत वर्तमानपत्रांवर बाकीची एकशे सतरा खापरं वाळत पडली होती. लाल, करडी आणि अगदी लख्ख.

"काय गं तुमचं विद्यापीठ! जुनी भांडी म्हणून अशी घाणेरडी ठेवायची? एकेकावर शाईची गिचमीड. सकाळपासून कंबरेचा काटा ढिला झाला माझ्या."

ठकी चपलांसकट तिथेच खाली बसली.

ती गिचमीड म्हणजे आकडे होते. कुठला तुकडा उत्खननात कितव्या थरातून निघाला, ते त्यावरूनच कळायचं. आकड्यांची यादी वहीत नीट होती, पण कुठलं खापर कुठल्या आकड्याचं हे आता ब्रह्मदेवाचा बाप आला तरी सांगू शकला नसता. पुन्हा खणावं, तर उत्खननाच्या त्या टेकाडावरून आता रस्ता गेलेला. चित्रं काढायची म्हणून सरांच्या हातापाया पडून तिने ही खापरं घरी आणली होती. प्रबंध द्यायला महिना उरला होता, आणि या खापरांवाचून त्या प्रबंधात होतं काय?

"आकडा घातला की लगेच वरून नेलपॉलिश लावा, उद्यावर टाकू नका," सरांनी सतरांदा बजावलं होतं. पहिल्या खापरावर स्वतः लावूनही दाखवलं होतं. बाकीचं ठकी उद्यावर टाकत राहिली. बाटली अजून पर्समध्ये होती, न उघडलेली.

ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? आत्याची बोटं पाण्याने सुरकुतली होती. याच हातांनी दहा वर्षं तिचे शाळेचे गणवेश धुतले होते.

"आवडलं नाही का गं?" आत्याचा चेहरा उतरला.

"छान झालीत."

"उगाच तोंडदेखलं बोलू नकोस. कळलंय मला कशाने बिनसलंय ते." आत्याने हातातलं खापर ओशाळून पुढे केलं. "एवढा एक डाग काही केल्या निघेना बघ. उद्या पुन्हा बसते घासायला."

ठकीने खापर उजेडात धरलं. चकचकीत थराखाली सरांच्या अक्षरात आकडा होता. एक.

"नको, आत्या," तिने मूठ घट्ट मिटली. "एवढा राहू दे."