ताडपत्रीची किटबॅग

मी पायल खंदारेची किटबॅग बोलतेय. हो, तीच पायल, भारताकडून एकोणीस शतकं ठोकणारी आणि आता संघाची कप्तान असलेली. तुम्ही तिला टीव्हीवर बॅट उंचावताना पाहिलंय. मी तिला सामना संपल्यावर घामाने भिजलेले मोजे ओढून काढताना पाहिलंय. दोघांचंही पाहणं खरं, पण माझं जरा जवळचं.

माझा जन्म तुर्भ्याचा. ट्रक जिथे रांगेने उभे राहतात त्या गल्लीच्या टोकाला एक पत्र्याची शेड आहे. तिथे ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या शिवतात. पायलचे वडील हौसेराव तिथले जुने कारागीर. लातूरकडचं गाव सोडून आले ते घणसोली गावात शांतीआजींच्या घराच्या माडीवर भाड्याने राहिले आणि रोज तुर्भ्याला येऊन दाभण चालवू लागले.

पायल तेव्हा बारा वर्षांची होती. बेलापूरच्या मैदानावर चंद्रशेखर सर सकाळी सातपासून मुलांना क्रिकेट शिकवायचे आणि नऊ वाजले की तिथूनच सरकारी कचेरीत कारकुनी करायला जायचे. त्यांच्याकडे वीस मुलगे आणि ही एकटी मुलगी. तिची बॅट आणि पॅड तांदळाच्या गोणीत असायचे. गोणी डोक्यावर घेऊन ती बसमधून उतरायची.

एकदा हौसेराव तिला सोडायला गेले होते. ती मैदानात शिरली तसा एक मुलगा ओरडला, "आली रे, भाजीवाली आली!" सगळे हसले. पायलने गोणी ठेवली, पॅड बांधले आणि त्याच मुलाच्या गोलंदाजीवर सलग तीन चौकार मारले.  त्या दिवशी शेडमधलं काम उरकल्यावर हौसेराव घरी गेले नाहीत. एका फाटून आलेल्या ताडपत्रीचा धड भाग त्यांनी कापला, दोऱ्याला मेण लावलं आणि मला शिवायला बसले.

दुहेरी शिवण, पितळी रिंगा, ट्रकच्या दोरखंडाचे पट्टे. बॅटसाठी वेगळा लांब खिसा. शेजारी ट्रक रंगवणारा पोपट पेंटर होता. त्याने पिवळ्या रंगात झोकदार अक्षरांत एका बाजूला 'पायल' लिहिलं, खाली कमळ काढलं, आणि हाताच्या सवयीने दुसऱ्या बाजूला 'हॉर्न ओके प्लीज' लिहून मोकळा झाला. हौसेराव कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं, ही काय गाडी हाय का?"

"वेगात जाणारी आहे ना पोरगी? मग राहू दे," पोपट म्हणाला.

राहिलं. पायलने मला पाहिलं तेव्हा ती आधी खो खो हसली आणि मग मला पाठीवर घेऊन घणसोलीच्या गल्लीतून दोन चकरा मारून आली. मी तेव्हा तिच्यापेक्षा थोडीच बुटकी होते.

पुढची वर्षं धावती होती. शाळेच्या संघात मुलांबरोबर खेळणारी पायल मुंबईच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात गेली. चंद्रशेखर सरांनी तिला एकच गोष्ट हजार वेळा सांगितली, "पायल, बॉल येऊ दे. तू त्याच्याकडे पळत जाऊ नकोस. तो तुझ्याकडेच येणारे." ती थांबायला शिकली. चेंडू अगदी बॅटजवळ आला की मनगट वळायचं, आणि क्षेत्ररक्षक मान वळवेपर्यंत चेंडू सीमेपार गेलेला असायचा.

विसाव्या वर्षी तिने भारताची टोपी डोक्यावर घातली. चौथ्याच सामन्यात, इंग्लंडमध्ये, कडाक्याच्या थंडीत एकशे बारा धावा केल्या. ड्रेसिंग रूममध्ये माझ्या पाठीवरची अक्षरं कुणी तरी वाचली आणि तेव्हापासून रीतच पडली. पायल फलंदाजीला निघाली की सगळ्या पोरी एका सुरात "पों पों" करायच्या. चंदीगडची, हैदराबादची, शिलाँगची, कुणीही असो, त्या हॉर्नला भाषा लागत नव्हती.

मग चांगले दिवस आले आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. तिला चाकांची, चकचकीत, कंपनीचं नाव छापलेली बॅग मिळाली. तीच वापरायचं बंधन होतं. मला माळ्यावर टाकलं. एक दिवस शांतीआजी खालून ओरडल्या, "गो पायल, ती मोठी पिशवी रिकामीच हाय ना? माझी सुकट ठेवू का तिच्यात?" पायल घाईत होती, "ठेवा ना आजी," म्हणाली.

तीन वर्षं माझ्या पोटात सुके बोंबील आणि जवळा होता. भारताच्या सर्वांत मोठ्या फलंदाजाची मी किटबॅग, आणि मांजरं माझ्याभोवती फेऱ्या घालत होती! राग आला, खोटं कशाला सांगू? पण खालच्या टीव्हीवर तिचं शतक झालं की शांतीआजी माळ्याखाली उभ्या राहून थाळी बडवायच्या. मग माझाही राग उतरायचा.

आणि एका दुपारी थाळी वाजली नाही. ऑस्ट्रेलियात खेळताना एक उसळता चेंडू हेल्मेटच्या जाळीतून शिरला आणि पायलच्या डाव्या गालाचं हाड मोडलं. तेव्हा मला एवढंच कळलं की तिची आई रखमा टीव्ही बंद करून पायऱ्यांवर जाऊन बसली.

हाड आठ महिन्यांत जुळलं. पायल पुन्हा संघात गेली. चार सामने, चारही वेळा उसळत्या चेंडूवर बाद. पाचव्या वेळी यादीत तिचं नाव नव्हतं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, खंदारे संपली. वय एकोणतीस.

चाकांची बॅग तिने खोलीच्या कोपऱ्यात ढकलली. माळ्यावर चढली, मला खाली ओढलं, जवळा बाहेर काढला, उन्हात वाळवलं आणि बेलापूरला घेऊन गेली. सर नेटच्या मागे उभे होते. दोन दिवस पाहून तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पायल, एक विचारू? खरं सांगशील?"

"काय सर?"

"बॉल वर आला की डोळे मिटतेस का?"

"नाही सर. काहीतरीच काय!"

पण मला माहीत होतं. रोज नेटमध्ये जाण्याआधी ती माझी चेन उघडायची, हेल्मेटवर हात ठेवायची आणि तशीच बसून राहायची.  ही गोष्ट तिने आईला सांगितली नव्हती, सरांना सांगितली नव्हती, डॉक्टरलाही नाही.

हौसेरावांना सांगावं लागलं नाही. ते एकदा येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले, अर्धा तास तिला खेळताना पाहिलं आणि उठताना म्हणाले, "रविवारी शेडवर ये. बॅट घिऊन."

रविवारी शेड बंद असते. हौसेरावांनी ट्रक उभे राहतात त्या सिमेंटच्या जागेवर वीस फुटी ताडपत्री अंथरली होती. खिळे ठोकून ताणली होती आणि वर चार बादल्या पाणी ओतलं होतं. बाजूच्या बादलीत भिजवलेले टेनिसचे चेंडू. साठीला टेकलेला माणूस स्टुलावर चढला आणि म्हणाला, "हो तयार."

ओला चेंडू ओल्या ताडपत्रीवर पडला की टप्पा खाऊन थेट तोंडावर येतो, आणि असा सटकतो की विचार करायला वेळच मिळत नाही. पहिला चेंडू पायलच्या खांद्यावर फटकन बसला. दुसरा हेल्मेटवर. तिसरा बरगडीत. दोन-तीन ट्रक ड्रायव्हर चहाचे पेले घेऊन बघत उभे राहिले.

"पप्पा, हळू टाका ना!"

"हळू टाकून काय हुईल?" ते म्हणाले आणि चौथा टाकला. तो पुन्हा हेल्मेटवर.

पायलने बॅट फेकली. ती घसरत माझ्यापाशी आली. पायल तिथेच, ओल्या ताडपत्रीवर, पॅड घातलेली मटकन बसली. भारताकडून इतकी शतकं ठोकलेली बाई, ट्रकवाल्यांच्या समोर रडायला लागली. "मला भीती वाटते पप्पा. मी डोळे मिटते. मला माहितीये, मी मिटते. आता नाही जमणार मला."

हौसेराव स्टुलावरून उतरले. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि आपला उजवा अंगठा पुढे केला. नखाच्या मधोमध जुना व्रण होता.

"तू दोन वर्षांची असतानी दाभण आरपार गेलं हितून. तवापासून रोज भ्या वाटतंय मला. अजून वाटतंय. पर जिथं दाभण हाय तिथंच बघावं लागतंय. दुसरीकडं बघितलं की पुन्हा बोटात." त्यांनी अंगठा मुठीत घेतला. "भ्या वाटू दे बाई. डोळे तेवढे उघडे ठिव."

मग उठले, बॅट आणून तिच्या हातात दिली आणि पुन्हा स्टुलावर चढले.

त्या रविवारी तिने साठ चेंडू खाल्ले. खांदा काळानिळा झाला. पुढच्या रविवारी पन्नास. सरही येऊ लागले, बादलीतून चेंडू काढून द्यायला. पाचव्या रविवारी एक चेंडू नाकावर आला आणि पायलने पाय मागे घेऊन असा हूक मारला की चेंडू शेडचा पत्रा दणाणून पलीकडच्या ट्रकच्या हौद्यात पडला. ड्रायव्हर ओरडले. हौसेराव स्टुलावर उभे राहून दंड चोळत राहिले. त्यांचा खांदा आठवडाभर वर उचलला जात नव्हता, हे त्यांनी तिला पुढे कधीच सांगितलं नाही.

मुंबईकडून तिने सहा सामन्यांत चार शतकं केली. निवड समितीला मान वळवावीच लागली. ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला होता, मालिका दोन-दोन अशी बरोबरीत होती आणि शेवटचा सामना होता नेरूळच्या मोठ्या स्टेडियमवर. पायल मला घेऊन ड्रेसिंग रूममध्ये शिरली. चंदीगडच्या पोरीने नाक दाबलं, "दीदी, ये क्या मछली लाई हो?" पायल म्हणाली, "लकी मछली है." चाकांच्या बॅगेचं बंधन तिने कप्तानाला सांगून त्या दिवसापुरतं मोडलं.

दोनशे एकाहत्तर धावा करायच्या होत्या. तीन बाद बेचाळीस झाले तेव्हा पायल उठली. चेन उघडली, हेल्मेटवर हात ठेवला. या वेळी बसली नाही. मागून सगळ्या पोरींनी हॉर्न वाजवला आणि ती गेली.

मी काचेच्या दाराशी होते. तिची पहिली धाव घ्यायला अकरा चेंडू लागले. ऑस्ट्रेलियाची सहा फुटी गोलंदाज एकामागून एक चेंडू आपटत होती. पायल वाकत होती, सोडत होती, अंगावर घेत होती. मग सरांनी शिकवलेलं ते थांबणं आलं. कव्हरमधून चौकार. मिडविकेटवरून चौकार. पन्नास, शंभर. दुसऱ्या बाजूने विकेट जात राहिल्या आणि ती उभी राहिली.

शेवटच्या षटकात पाच चेंडूंत आठ धावा हव्या होत्या, दोन विकेट बाकी होत्या. त्या सहा फुटीने पूर्ण ताकदीने चेंडू आपटला. सरळ चेहऱ्यावर. ड्रेसिंग रूमच्या टीव्हीवर पायलचं तोंड भलं मोठं दिसलं, आणि मी पाहिलं, सगळ्या भारताने पाहिलं, तिचे डोळे टक्क उघडे होते.

चेंडू स्क्वेअर लेगच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. षटकार. पुढचा चेंडू कव्हरमधून सुटला आणि सीमेला लागेपर्यंत ती धावलीसुद्धा नाही. पायल खंदारे नाबाद एकशे सेहेचाळीस. पोरी माझ्यावरून उड्या मारत मैदानात पळाल्या. एकीचा बूट माझ्या पाठीवर पडला आणि मला तो आशीर्वादासारखा वाटला.

नंतर पायलने मला खांद्यावर टाकलं आणि आपली माणसं बसली होती तिथे कठड्यापाशी गेली. सरांनी नोकरीत पहिल्यांदा क्रिकेटसाठी रजा टाकली होती आणि आता ते रुमालाने चष्मा पुसत होते, पुसत होते, पुसतच होते. शांतीआजी गर्दीला सांगत होत्या, "आमच्या घरात ऱ्हाते ती! आमच्या माडीवर!" रखमाने कठड्यावरून वाकून लेकीच्या डाव्या गालावर हात ठेवला. हौसेराव सगळ्यांच्या मागे होते. पायल म्हणाली, "पप्पा, बोला ना काहीतरी."

"बेस खेळलीस," ते म्हणाले.  पायलने कठड्यावर पाय टाकला आणि चाळीस हजार लोकांसमोर बापाच्या गळ्यात पडली.

याला आता दोन वर्षं झाली. कप्तानपद त्यानंतर आलं. माझा तळ झिजलाय, एक पट्टा बदललाय, कमळाच्या दोनच पाकळ्या उरल्यात. बोंबलाचा वास मात्र अजून पूर्ण गेलेला नाही. संघ गेल्या आठवड्यातच इंग्लंडला रवाना झाला, कप्तान पायल चाकांची बॅग घेऊन गेली. मी मागे राहिले आणि मला वाईट वाटलं नाही, कारण हौसेराव आणि रखमा पहिल्यांदाच विमानाने लेकीचा खेळ बघायला निघालेत. पायलने त्यांच्यासाठी नवी सूटकेस आणली होती. हौसेरावांनी तिची शिवण दोन बोटांनी ओढून पाहिली, मान हलवली आणि माझ्यात कपडे भरायला घेतले.

या घडीला मी विमानतळावर वजनकाट्यावर उभी आहे. पोटात दोन स्वेटर, नवी साडी, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी. काउंटरवरची मुलगी विचारतेय, "काका, फ्रॅजाइलचं स्टिकर लावू का? म्हणजे, नाजूक सामान?"

हौसेराव हसतायत. "हिला? नको बाई."

निघायच्या आधी तुम्हाला एक विनवते. तुमच्या घरातली मुलगी उद्या खेळायला निघाली तर 'कुठे चाललीस' एवढंच विचारू नका. 'मॅच कधी आहे' तेही विचारा, आणि बघायला जा.

सामानाचा पट्टा सरकला. समोर रबरी झालरीचं दार आहे, पलीकडे विमान. येते मी. शनिवारी पहिला सामना आहे.