बाटलीतली हवा

तेलविहिरीच्या गॅसमध्ये प्राणवायू दिसला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या धाकटीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने नमुन्याची बाटली त्याच गॅसने पुन्हा धुतली, म्हणजे आतली हवा पार हाकलली, मग भरली, तपासली. प्राणवायूचा आकडा जागचा हलेना.

इथलं काम साधं, पण जिवावरचं. एका विहिरीतून खाली हवा कोंबायची. खोल खडकात तिचा प्राणवायू तेलाशी जळून संपतो आणि उरलेला गॅस हलकं तेल दुसऱ्या विहिरीकडे रेटतो. तिथे प्राणवायू निघाला, तर हवा न जळताच आरपार आली म्हणायची. मग स्फोटाला एक ठिणगी पुरे. आणि त्याच विहिरीवर धाकटीचा नवरा कामाला.

प्लांटचे प्रमुख म्हणजे तिचे थोरले दीर, भाऊजी. बाटली धुवायला त्यांनीच शिकवलेलं. तिने सकाळीच आकडा त्यांच्या हाती दिला; हवा कोंबणारा कॉम्प्रेसर ते लगेच बंद करतील, याची तिला खात्री होती. पण कॉम्प्रेसर थांबला की प्रयोग फसला, आणि त्यांची बढतीही. बैठकीत ते हसून म्हणाले, की धाकटीचा हात अजून बसलेला नाही, प्रयोगशाळेतलीच हवा बाटलीत भरून आणली तिने. सगळे हसले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी पोचेपर्यंत तर तिला स्वतःचीच शंका यायला लागली. शिकवणाराच म्हणतोय, तर असेलही चूक.

संध्याकाळी नवरा शीळ घालत आला. दादाने त्याला विहिरीवरून काढून गोदामात बसवलं होतं. दिवसभर पंख्याखाली! शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचं नातं, म्हणाला.

"कधी सांगितलं त्यांनी?"

"सकाळीच. बैठकीला जाता जाता."

म्हणजे आकडा खरा आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी चारचौघांत तिलाच खोटं पाडलं.

"तुझ्या जागी कोण?"

"ढोल्या. आत्ताही तिथेच असेल बिचारा."

ढोल्या म्हणजे नवऱ्याचा जिवलग, रोज त्याच्या डब्याचा अर्धा वाटेकरी.

ती तशीच भाऊजींच्या दारात जाऊन उभी राहिली. चहा घे म्हणाले, तरी आत गेली नाही.

"भाऊजी, माझी बाटली नीट धुतलेली होती ना?"

ते हळूच म्हणाले, "तुझा नवरा तर सुखरूप आहे ना? मग झालं तर."

ज्या माणसाच्या शब्दावर ती डोळे मिटून चालली, तो हाच. तिला रडू फुटलं. डोळे पुसत तिने तिथूनच ढोल्याला फोन लावला.

"ढोल्या, आत्ताच्या आत्ता विहिरीपासून लांब जा. का, ते भाऊजी सांगतात."

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. पलीकडून ढोल्या हॅलो, हॅलो करत होता. भाऊजींनी हात पुढे केला नाही.