उकळलेला स्पंज

सिस्टरने काचेला टॉर्च टेकवला, तरी मासा दिसेना. उजेड बोटभर आत शिरून तिथेच विरत होता. टाकीतलं पाणी तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं झालं होतं. मग कोपऱ्यात काहीतरी नारिंगी हललं, वर आलं, हवेसाठी तोंड उघडलं आणि पुन्हा दिसेनासं झालं. जिवंत होता. तिने टॉर्च बंद केला.

इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याचं काम तिच्याकडे होतं आणि तिच्या हाताखालून गेलेल्या चिमट्याकडे मोठमोठे सर्जन पुन्हा वळून पाहत नसत. या घरात ती नवीन होती. लग्न होऊन आली तेव्हा वारलेल्या पहिल्या बायकोच्या साड्या, भांडी, फोटो सगळं नवऱ्याने आधीच आवरून ठेवलेलं होतं. राहिली होती ती फक्त माशाची टाकी. ती पहिलीने मांडलेली आणि आता तिच्या मुलीने, ठकीने, सांभाळलेली. ठकी शाळेत नववीला होती, बोलायला गोड होती आणि सिस्टरला 'मावशी' म्हणण्यापलीकडे जात नव्हती.

सिस्टर आली तेव्हा टाकीच्या काचेवर हिरवट थर होता, फिल्टरचा स्पंज बोटाला बुळबुळीत लागत होता. सिस्टरला वाटलं, पोरीचं मन जिंकायचं तर हीच जागा. तिने सगळं पाणी उपसलं, खडे ब्रशने घासले, स्पंज पातेल्यात घालून खळखळून उकळला. संध्याकाळी टाकी अशी लख्ख झाली की बघत राहावं. दोन दिवसांत ती दुधाळ झाली. सिस्टरने पुन्हा पाणी बदललं, तर आणखीच दुधाळ. धुण्याने न सुधारणारी गोष्ट तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

"ठकी, अजून एकदा बदलून बघू?"

"नको, मावशी."

"मग?"

"दुकानात विचारू या."

मासा मेला तर या घरात आपलं काही खरं नाही, हे सिस्टर पुरतं ओळखून होती. ठकी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडणार नव्हती. जन्मभर अशीच गोड बोलत राहणार होती, आणि सिस्टरला धास्ती त्याचीच होती.

माशांचा दुकानदार तोंडाळ होता. गिऱ्हाईक एक वाक्य बोललं की तो चार बोलायचा.

"स्पंज कशाने धुतलात?"

"उकळला."

"उकळला?" तो हसत सुटला. "बाई, माशाचं ऑपरेशन करायचं होतं की काय? अहो, त्या बुळबुळीतच सगळी करामत असते. तिच्यातले जंतू माशाची घाण खातात. तुम्ही त्यांना एका दमात मोक्ष दिलात." मग तो ठकीकडे वळला. "आणि तू गं? तुला किती वेळा सांगितलंय, स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. होतीस कुठे तू?"

ठकी काउंटरवरच्या खाद्याच्या डब्याकडे पाहत राहिली.

कुठे होती ते सिस्टरला आठवलं. पातेलं गॅसवर होतं तेव्हा ठकी शाळेतून आली होती. स्वयंपाकघराच्या दारात दप्तरासकट उभी राहिली, उकळत्या पाण्यात गरगरणारा स्पंज तिने नीट पाहिला आणि "छान" म्हणून आपल्या खोलीत निघून गेली. त्या एका शब्दावर सिस्टर संध्याकाळभर खूश होती.

"तिने सांगितलं होतं मला," सिस्टर दुकानदाराला म्हणाली. "माझ्याच डोक्यातून गेलं."

"घ्या." दुकानदाराने स्वतःच्या जुन्या टाकीतला काळपट स्पंज काढून पिशवीत बांधला. "हा फिल्टरपाशी राहू द्या. खाणं अगदी चिमूटभर. आणि टाकीला हात लावायचा नाही. जमेल?"

"जमवते."

परतीच्या वाटेवर ठकी पिशवी छातीशी धरून अर्धं पाऊल मागून चालत होती. सिस्टरला राग आला होता. खोटं कशाला, चांगलाच आला होता. आपण तोंडघशी पडावं म्हणून या पोरीने आईचा मासा पणाला लावला होता. एवढं कुणी कुणावर चिडतं तेव्हा त्याला आतून किती दुखत असेल, हे मात्र घराच्या पायऱ्या चढताना तिच्या मनात आलं, आणि मग तो राग तिला नीट धरून ठेवता येईना.

ठकीने स्पंज पाण्यात सोडून दाबला. तपकिरी गाळ सगळीकडे पसरला. पाणी होतं त्याहून घाण दिसू लागलं. सिस्टरने हाताची घडी घट्ट केली.

दाराचं कुलूप वाजलं. नवरा कामावरून आला, टाकीपाशी थबकला.

"हे काय करून ठेवलंय? कुणी केलं?"

"मी स्पंज—" सिस्टरने सुरुवात केली.

"मला माहीत होतं, बाबा," ठकी मध्येच म्हणाली. "मावशी स्पंज उकळत होत्या तेव्हा मी बघत होते. मुद्दाम बोलले नाही."

तो दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला. त्याला काही उलगडेना.

"मासा जिवंत आहे," शेवटी सिस्टर म्हणाली. "आता चार दिवस कुणी टाकीला हात लावायचा नाही. मीसुद्धा."

ठकीने मान डोलावली. गाळाने माखलेले ओले हात कुठे पुसावेत म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरच्या ओढणीलाच ते पुसले. सिस्टरने ते पाहिलं. ती जागची हलली नाही.