शिंपीकाकांचा शब्द

ऐक. फक्त ऐक, मधे तोंड घालू नकोस. तिकिटाची खिडकी जरा बंद ठेव, भाषांचं म्युझियम बघितल्याशिवाय कुणाचा जीव जात नाहीये. ते शिंपीकाका बाहेर माझ्या टेबलापाशी बसलेत आणि मी ‘चहा सांगून येते’ म्हणून पळून आलेय. चहा आला की मला जावं लागणार.

शिंपीकाका गं! दर शनिवारी तुझ्याच खिडकीतून आत येतात, गळ्यात अजून टेप असते, तू विचारतेस, “काका, शर्ट नवा?” आणि ते म्हणतात, “नवा कसला, कॉलर उलटवलीय.” तेच.

तर पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. माझ्या टेबलावर काय चालतं ते तुला इथून दिसत नाही. लोक आपला एकेक शब्द घेऊन येतात, मी कोश उघडते आणि तो कुठून आला ते सांगते. नाही सापडला तर ‘मूळ अज्ञात’ म्हणायचं, मॅडमचा सक्त हुकूम आहे. “माहीत नाही म्हणायला लाजू नका,” हे त्या इतक्यांदा म्हणतात की मला झोपेतही ऐकू येतं. पण त्या दिवशी ओळीनं दोघांना मी ‘अज्ञात’ सांगितलं होतं, आणि दुसरा माणूस जाता जाता म्हणाला, “मग इथे कशाला बसवलंय हिला? पंख्याची हवा खायला?” रांगेतले सगळे हसले. माझे कान असे तापले!

आणि मग काका. त्यांनी आधी ‘काज’ विचारला. बटणाचं काज. मी म्हटलं, पोर्तुगीज. इस्त्री? तीही तिकडचीच म्हणतात. कैची? तुर्की. काका खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे जन्मभर मी दुकानात बसून परदेशी बोलत होतो आणि गिऱ्हाईक मला अडाणी समजत होतं?” रांग पुन्हा हसली, पण या वेळी माझ्या बाजूनं. मी तर हवेतच गेले.

मग ते पुढे वाकले, आवाज खाली आणला. म्हणाले, “अजून एक आहे. गुमलुरी.”

त्यांची आई त्यांना तशी हाक मारायची. पाच भावंडांत फक्त यांना. अर्थ कुणालाच ठाऊक नाही, आणि विचारायच्या आत आई गेली. थोरल्या भावानं लहानपणीच सांगून टाकलं होतं, “गुमलुरी म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेला.” अगं, सगळेच भाऊ असं काहीतरी चिडवतात. माझा दादा मला अजून ‘बोहारणीकडून घेतलेली’ म्हणतो. पण काकांच्या ते मनात रुतलं. रंगानं भावंडांपेक्षा वेगळे, उंचीनं वेगळे. सत्तरी उलटली तरी भावाशी नीट बोलणं नाही.

मी कोश बघितला. नव्हता. दुसरा बघितला, त्यातही नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघतायत, मागे रांग खोकतेय. आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, लिप्यांचा तो मोठा तक्ता. माझी नजर गेली गोल गोल जॉर्जियन अक्षरांवर. मी कोश मिटला आणि म्हणाले, “काका, हा जॉर्जियन दिसतो. व्यापाऱ्यांबरोबर आला असणार. अर्थ म्हणजे, आपल्याकडे काळजाचा तुकडा म्हणतात ना, तसा.”

असं सहज! तोंडातून निघून गेलं गं! त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, परत सोडलं. “काळजाचा तुकडा,” म्हणाले, आणि उठून गेले. मला वाटलं, चला, एक म्हातारा खूश झाला, आपल्या बापाचं काय गेलं?

पुढच्या शनिवारी हजर! म्हणे, “पोरी, क्लास लावला.” कसला? तर जॉर्जियनचा! गावात कुणी बाई शिकवतात, हे शोधून काढून गेले. अस्तराच्या तुकड्यावर खडूनं सगळी तेहेतीस अक्षरं काढून आणलेली. “सगळी हुकंच आहेत बघ,” म्हणाले, “एकही सरळ शिवण नाही.” मी हसले. काय करणार?

त्याच्या पुढच्या शनिवारी आले ते हसतच. “अगं, त्यांच्यात बापाला मामा म्हणतात! आणि आईला देदा! मी बाईंना म्हटलं, आमच्याकडे असं म्हटलं तर घरात मारामारी होईल!” आणि हे खरंच तसं आहे हं, मी बघितलं नंतर. म्हणजे त्यांच्याकडचं सगळं खरं, माझंच तेवढं खोटं.

दर वेळी जाता जाता विचारायचे, “आपला शब्द कोणत्या धड्यात येतो गं?” मी म्हणायचे, “येईल काका, पुढे येईल.” घरी मी भरल्या ताटावरून उठायचे. आई म्हणाली, डॉक्टरकडे चल.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी सहन केलं असतं. पण त्यांनी भावाला फोन केला. सांगितलं, अर्थ कळला म्हणून. थोरला म्हणाला म्हणे, “चुकलं माझं. तू ये ना एकदा.” आता उद्या जाणारेत. भावासाठी शर्ट शिवलाय, खिशाच्या आतल्या बाजूला जागा सोडलीय, तिथे तो शब्द त्याच अक्षरांत भरायचाय.

म्हणून आज आले. मला म्हणाले, “तू लिहून दे, मी त्यावरून टाके घालतो.” मी तक्त्याकडे बघत बघत एकेक अक्षर काढलं. तर काका म्हणाले, “हा ‘ल’ चुकला. त्याला तीन कमानी हव्यात, तू दोनच काढल्यास.” आणि खडूनं नीट करून दिला!

मग खडू खाली ठेवला. म्हणाले, “बाईंना विचारलं मी. त्या म्हणतात, असा शब्द आमच्यात नाही. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, तुम्ही तरुण आहात, जुना असेल. म्युझियममधल्या पोरीनं पुस्तकात बघून सांगितलंय.”

पुस्तकात बघून! मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

“तरी एकदा परत बघ,” म्हणाले. “आणि नसेल तर नाही म्हण, पोरी. माझं काही नाही. फक्त उद्या भावाला काय सांगू, ते तेवढं सांग.”

मॅडमना विचारलं तर त्या म्हणतील, ‘माहीत नाही’ म्हण. पण बघ ना, ‘माहीत नाही’ म्हटलं की त्या रिकाम्या जागेत पुन्हा येऊन बसणार तो उचलून आणलेला. आणि तसं म्हटलं नाही तर तो माणूस माझं खोटं हातानं टाका टाका भरणार, भावाच्या छातीवरच्या खिशात. मुळात खरं काय होतं हे त्याच्या आईशिवाय कुणालाच ठाऊक नाही. कदाचित काळजाचा तुकडाच असेल, काय सांगावं? नाही, नाही, हे मी माझ्या सोयीचं बोलतेय, कळतंय मला.

तो बघ, चहावाला आला. दोन कप आहेत. मी काकांपुरता एकच सांगितला होता, म्हणजे काकांनी माझ्यासाठीही सांगितलाय.

पटकन बोल ना. तू काय केलं असतंस?